कोऱ्या रोलचं प्रकरण

१

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि ज्याचा पटकन बसेल त्याच्या हाती घराची किल्ली देऊ नये. पूर आलाय, रस्त्याची नदी झालीय, त्या नदीतून एक लाकडी कपाट आडवं पडून वाहत चाललंय, आणि त्या कपाटावर बसून एक न्हावी गिऱ्हाइकाची दाढी करतोय! गिऱ्हाइकाचा एक गाल फेसानं पांढरा, दुसरा गुळगुळीत. न्हाव्याचा चेहरा असा, की पूर काय, येतो नि जातो. पण अर्धी दाढी ठेवून माणूस सोडला तर धंद्याचं नाक कापलं जाईल. थाप वाटते ना? पण फोटो आहे. तो काड्यापेट्यांवर छापला गेला, वह्यांच्या पुठ्ठ्यांवर आला, आणि स्टुडिओवाल्या दादाला जन्मभर पुरून उरला.

त्या फोटोची निगेटिव्ह एके सकाळी पाकिटातून नाहीशी झाली.

हे पहिल्यांदा दिसलं ते कोरीला. कोरी म्हणजे दादाची धाकटी बहीण. हे नाव काही आईबापांनी ठेवलेलं नव्हे. पुराच्या दिवशी तीही कॅमेरा घेऊन बाहेर पडली होती. रोल धुतला दादानं, आणि तिचा रोल स्वच्छ कोरा निघाला. फिल्मचं टोक, ती ओढून घेणाऱ्या आतल्या रिळात अडकलंच नव्हतं. बाईसाहेब खटाखट बटण दाबत राहिल्या आणि फिल्म आपली जागच्या जागी! दादा तिला कोरी म्हणायला लागला, मग घर म्हणायला लागलं, मग गल्ली. हसता हसता नाव अंगाला चिकटलं. तिनं कॅमेरा गुंडाळून ठेवला आणि डार्करूममध्ये शिरली, ती केस पांढरे झाले तरी तिथंच. फोटो काढता येत नाही, पण जपता येतो, एवढीच तिची शेखी. तिच्या हातून निगेटिव्ह म्हणून एक हरवली नव्हती.

आणि आता पुराच्या रोलचा डबा तिच्या मांडीवर उघडा होता. आत बटर पेपरची लांबुडकी पाकिटं, प्रत्येकात सहा चौकटींची एकेक पट्टी. मधलं पाकीट रिकामं.

"आत्या, काय झालं? भांडं पडल्यासारखी ओरडलीस!" भाची धावत आली. भाची म्हणजे दादाची मुलगी. कॉम्प्युटरवरचं सगळं काम तिच्याकडे. जुन्या निगेटिव्ह स्कॅन करायचं खूळ तिचंच.

"न्हावी गेला," कोरी म्हणाली.

"कुठला न्हावी?"

"आपल्याकडे न्हावी किती आहेत गं?"

तेवढ्यात दादा आला. रिकामं पाकीट पाहिलं, खुर्चीत बसला. परवा संग्रहालयात त्याच्या फोटोंचं मोठं प्रदर्शन उघडायचं होतं, आणि ती पट्टी तिथं काचेखाली मांडायची होती.

"डार्करूमची किल्ली कुणाकडे असते?" त्यानं विचारलं. आवाज अगदी मऊ.

"माझ्याकडे. डार्करूममध्ये शिरले की खुंटीला."

"मग मी लोकांना काय सांगू, कोरे? बहिणीनं हरवली म्हणून सांगू?"

"हरवली नाही. कुणीतरी नेलीय."

"परवापर्यंत सापडली तर नेलीय. नाही सापडली तर हरवलीय. आणि ती तुझ्या हातून."

भाची काहीतरी बोलणार होती. बापाचा चेहरा पाहून तिनं नुसतं डब्याचं झाकण लावलं.

२

आदल्या दिवशी स्टुडिओत बाहेरची दोनच माणसं आली होती. स्कॅनरवाला आणि संग्रहालयाच्या बाई. कोरी आधी स्कॅनरवाल्याकडे गेली.

त्याचं दुकान म्हणजे पोट फाडलेल्या प्रिंटरांचा दवाखाना. वायरींच्या गुंत्यातून त्यानं डोकं वर काढलं.

"या ताई! गिऱ्हाईक म्हणून आलात की पोलीस म्हणून?"

"आधी चहा पाजा, मग ठरवते."

तो हसला. जुन्या निगेटिव्हचा त्यालाही नाद होता, आणि जमवलेल्या तो आल्यागेल्याला दाखवायचा. तेव्हा संशयाला जागा होती.

"काल डबा उघडा होता तेव्हा तुम्ही तिथं एकटे होता," कोरी म्हणाली.

"एकटा? तुमची भाची माझ्या डोक्यावर उभी होती. मला खोकायलाही देत नव्हती. म्हणे, थुंकी उडेल फिल्मवर!"

यात तथ्य होतं. भाचीला ते खोकणं कोरीनंच शिकवलं होतं, म्हणजे न खोकणं.

"बरं, मग हे सांगा. तो दुसरा स्कॅनर परत का पाठवला आम्ही? माझ्या लक्षात आहे ते तुमच्याशी जुळतं का बघते."

स्कॅनरवाला खुलला. त्यानं दोन यंत्रं आणली होती पारखायला. एक बारीक तोंडाचं. त्याच्या फटीत पट्टी सरकवायची. ते एका वेळी एक चौकट ओढून घेणार, तिची कड झाकणार, आणि आतला कण न् कण दाखवणार. दुसरं सपाट काचेचं, झाकणातच दिवा असलेलं. दिवा हवाच, कारण निगेटिव्ह कागदासारखी वरून वाचता येत नाही, उजेड तिच्यातून पलीकडे जावा लागतो. या काचेवर चार-चार पट्ट्या शेजारी शेजारी झोपवायच्या. बारीक तोंडाच्याइतकं तीक्ष्ण नाही, पण काम भराभर उरकतं. भाचीला सपाट हवा होता, कारण घरात निगेटिव्ह पोत्यानं. दादाला बारीक तोंडाचाच हवा होता.

"आणि मी तुम्हाला म्हटलं, त्याच्यात धूळ आपोआप पुसायची सोय आहे, तर तुम्ही माझी फजिती केलीत!"

"मग? ती सोय रंगीत फिल्मला. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चांदी असते. यंत्राला चांदी म्हणजेच धूळ वाटते. त्या शेजारच्या काकांच्या फोटोचं काय झालं पाहिलंत ना? निम्मी मिशी कचरा समजून झाडून टाकली."

"काका म्हणाले, बरा दिसतोय," स्कॅनरवाला म्हणाला. मग त्याचं हसू ओसरलं. "पण ताई, एक गंमत सांगू? सपाट स्कॅनर ठरला, पैसे-बैसे सगळं ठरलं, तरी दादा काल संध्याकाळी पुन्हा आले. एकटेच. म्हणाले, बारीक तोंडाचा मला स्वतःला हवा. एकाच पट्टीसाठी."

"कुठल्या पट्टीसाठी?"

"ते नाही बोलले. फक्त एकच विचारलं, तेही दोनदा. शेजारची चौकट त्यात दिसत नाही ना? मी म्हटलं, नाही. पण यंत्र तर दुसऱ्याला देऊन टाकलं होतं. ते ऐकून त्यांचा चेहरा असा पडला, ताई, की मला वाटलं आता पाणी आणावं लागतंय."

३

संग्रहालयात भिंतींवर पांढरा रंग चढत होता आणि बाई शिडीखाली उभ्या राहून रंगाऱ्याला दम देत होत्या. कोरीला पाहून त्या स्वतःच सुरू झाल्या.

"कळलं मला. दादांचा फोन आला. तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं. वयानं होतं असं."

वयानं होतं! म्हणजे दोन दिवस थांबायचंही त्यानं ठरवलं नव्हतं. सकाळी दहाच्या आत ती बातमी गावभर पोचवून मोकळा झाला होता.

"बाई, काल तुम्ही दादाशी काय बोललात?"

"विशेष काही नाही. मी म्हटलं, त्या फोटोचा स्कॅन नुसता नको. अख्खी पट्टी हवी. कडेच्या आकड्यांसकट, सहाही चौकटी. न्हावी यायच्या आधी काय होतं, गेल्यावर काय होतं, लोकांना तेच बघायचं असतं. मोठी करून भिंतभर लावणार होतो."

"मग दादा काय म्हणाला?"

"त्यांना ठसका लागला. मीच पाठ चोळली."

कोरी घरी आली, डार्करूमचं दार लावलं आणि रिकामं पाकीट लाल दिव्याखाली धरलं. सकाळी तिनं पाकीट रिकामं आहे एवढंच पाहिलं होतं. कसं रिकामं आहे ते पाहिलं नव्हतं.

पाकिटाचं तोंड मागं दुमडलेलं होतं.

आता ही दुमड म्हणजे या घराण्याची खोड. धूळ आत जाऊ नये म्हणून पाकिटाचं तोंड फिल्मच्या चमकदार बाजूला वळवून नखानं दाबायचं. बापानं दोघा पोरांना शिकवलं होतं, तेही फूटपट्टीनं मारून. बाहेरच्या कुणाला हे ठाऊक नाही. भाचीला ठाऊक आहे, पण ती करत नाही. रोज बोलणी खाते नि रोज पाकिटं उघडी टाकते.

आणि रिकाम्या पाकिटाचं तोंड कोण बंद करेल? आत राखायचं काय होतं? चोरानं ते विचार करून केलंच नव्हतं. त्याच्या बोटांनी केलं होतं. अशी बोटं जगात दोनच माणसांची होती. त्यातली एक जोडी आत्ता ते पाकीट धरून होती.

"आत्या," दाराबाहेरून भाची म्हणाली, "कळलं का कोण ते?"

"कळलं. पण त्याला काही अर्थ नाही," कोरी म्हणाली. "आपल्याच घरात आपणच चोरी कशाला करील माणूस?"

४

रात्रभर ती पडून राहिली असेल नसेल. सकाळी मात्र भाचीच्या आधी स्कॅनरसमोर हजर.

तिचा हिशेब सरळ होता. न्हाव्याचा फोटो साऱ्या जगानं पाहिलाय. त्यात लपवायचं काही नाही. म्हणजे दादाला न्हावी लपवायचा नाही. न्हाव्याचा शेजारी लपवायचाय. शेजारी तर त्याच पट्टीवर गेला. पण पट्टीलाही शेजारी असतातच. रोल एक, कापून पट्ट्या केलेल्या. आधीची आणि नंतरची पट्टी डब्यातच होती.

खरी गंमत अशी, की जन्मभर निगेटिव्ह हाताळणाऱ्या या बाईनं पुराचा रोल कधी नीट पाहिलाच नव्हता. तो डबा दादाच्या कपाटात असायचा. त्याचे फोटो दादाच छापायचा. "ते माझं लेकरू आहे, त्याला मीच अंघोळ घालणार," म्हणायचा. लोक हसायचे, तीही हसायची. स्कॅनिंग निघालं म्हणून तर डबा तिच्या ताब्यात आला.

"पट्टी धारकात बसवू नकोस," ती भाचीला म्हणाली. धारक म्हणजे पट्टी ताठ धरणारी प्लॅस्टिकची चौकट. "तो कडा झाकतो. तशीच काचेवर ठेव. बिनचमकेची बाजू खाली."

"वाकडी राहील ना."

"राहू दे वाकडी. वाकडंच बघायचंय."

भाचीनं धूळ उडवायच्या रबरी फुग्यानं हवा मारली, हातमोजे घालून पट्टी ठेवली, झाकण लावलं. उजेडाची रेघ झाकणाखालून हळूहळू सरकली आणि पडद्यावर पूर आला. पाण्यातला दिव्याचा खांब. छपरावरची माणसं. उलटी वाहणारी हातगाडी. सगळं वरून घेतलेलं, कुठल्यातरी गच्चीवरून.

"कड मोठी कर. खालचा डावा कोपरा."

चौकटीच्या काळ्या कडेतून एक बारीक काळा दात आत आला होता. उंदरानं कुरतडल्यासारखा. पुढच्या चौकटीत तोच दात. त्याच्या पुढच्या चौकटीतही तोच.

"धूळ आहे का आत्या?"

कोरी उठली, माळ्यावरचा आपला पत्र्याचा डबा काढला. तिचे सुरुवातीचे रोल. मांजर, अंगणातली बादली, बापाचे पाय. तिला कॅमेरा मिळाला तोच जुना, कुणीतरी वापरून टाकलेला. त्याच्या आतल्या खिडकीच्या कोपऱ्यात धातूचं कुसळ होतं, आणि ते तिच्या प्रत्येक फोटोला चावायचं. मोठा फोटो छापताना कड झाकली जाते, म्हणून कधी कुणाला दिसलं नाही.

भाचीनं मांजराची पट्टी पुराच्या पट्टीशेजारी ठेवली. उजेडाची रेघ पुन्हा सरकली.

मांजराच्या कोपऱ्यात दात. पुराच्या कोपऱ्यात दात. तोच कोपरा, तीच वाकण.

"आत्या," भाचीचा आवाज बारीक झाला, "हा पूर तुझ्या कॅमेऱ्यानं काढलाय."

"हो."

"मग तुझा रोल कोरा निघालाच नव्हता."

"एक रोल कोरा निघाला होता," कोरी म्हणाली. "माझ्या डोळ्यांनी पाहिलाय मी. दादानं हातात धरून दाखवला होता. ओला होता अजून." ती पडद्याकडे बघत राहिली. "घरात रोल दोनच होते गं. माझा हा असेल, तर तो कुणाचा?"

भाची त्याच माणसाची मुलगी होती. तिनं झाकण उघडलं आणि पट्ट्या पाकिटांत घातल्या.

५

दादा समोरच्या खोलीत उद्याच्या भाषणाचा सराव करत होता. आरशात बघून हात उडवत होता.

"पट्टी दे, दादा."

"सापडली?"

"तुझ्या खिशात आहे की कपाटात, ते तू सांग. नेलीस तू. तोंड दुमडलंस."

त्याला कळायला क्षणभर लागला. मग त्यानं स्वतःच्या बोटांकडे पाहिलं, जणू ती परक्याची होती.

"माझ्या कॅमेऱ्याचा दात सगळ्या पट्ट्यांवर आहे," ती म्हणाली. "तो तुला ठाऊकच नव्हता. मग त्या पट्टीवर असं काय आहे, ज्याला भिऊन तू ती नेलीस?"

दादा खाली बसला. म्हणाला, "न्हाव्याच्या पुढच्याच चौकटीत मी आहे. खाली रस्त्यात, गुडघाभर पाण्यात. कॅमेरा डोळ्याला लावलेला. एवढा स्पष्ट, की शर्टाची बटणं मोजावीत."

"गच्चीवरून मी काढलेला."

"हो."

"मलाही तो न्हावी दिसला होता, दादा. मी बटण दाबलं होतं. जन्मभर वाटलं, माझ्या नशिबात नव्हता, तुझ्या होता." तिचा आवाज चढला नाही. "मी कॅमेरा ठेवून दिला. तू मला कोरी म्हणालास. दुसऱ्यांनी म्हटलं असतं तर चाललं असतं. तू म्हणालास, आणि तुला ठाऊक होतं."

"बाबा मला मोठा फोटोग्राफर समजत होते गं. मी कोरा रोल घेऊन त्यांच्यापुढे कसा जाऊ? एकच दिवस निभवायचा होता. मग फोटो छापून आला. मग तो कुणाच्या हातातच राहिला नाही."

"पट्टी कापून का नाही टाकलीस?"

"कात्री घेतली होती. अनेकदा." त्यानं मान हलवली. "नाही झालं. फार चांगला फोटो आहे."

कोरीला हसू आलं नि त्याच वेळी रडू. दोन्ही तिनं गिळलं.

"मला नाव नको, पट्टीही ठेव तुझ्याकडेच," ती म्हणाली. "मढ्यावर घालायला हार नको आता. पण निगेटिव्ह मी हरवली नाही. एवढंच उद्या सगळ्यांसमोर सांग. माझ्याकडे तेवढी एकच गोष्ट आहे, आणि तीही तू काल फोनवर वाटून टाकलीस."

दादानं तिचे दोन्ही हात धरले. "सांगतो. आपल्या बाबांची शपथ. उद्या सगळ्यांसमोर सांगतो."

त्याचे डोळे भरले होते. आणि तिनं, खुळीनं, विश्वास ठेवला.

६

संग्रहालयाचा हॉल तुडुंब भरला. गावातले झाडून सगळे म्हातारे फोटोग्राफर आले होते. प्रत्येकाच्या गळ्यात कॅमेरा, जणू पुन्हा पूर येणार होता. भिंतीवर न्हावी माणसाच्या दुप्पट उंचीचा. त्याखाली काचेची पेटी, रिकामी. कोरी पहिल्या रांगेत भाचीशेजारी बसली.

दादा उभा राहिला. घसा साफ केला. तिच्याकडे पाहिलं.

"ही पेटी रिकामी का, असं तुम्ही विचाराल," तो म्हणाला. "आज मला सगळ्यांसमोर एक गोष्ट सांगायचीय."

कोरीनं भाचीचा हात घट्ट धरला.

"मूळ निगेटिव्ह आता नाही. माझ्या बहिणीच्या हातून ती गहाळ झाली. पण मंडळी, वय झालंय तिचं. आयुष्यभर तिनं माझी सेवा केली. मी तिला मनापासून माफ केलंय."

टाळ्या पडल्या. काय टाळ्या! संग्रहालयाच्या बाईंनी डोळे टिपले. मागच्या रांगेतून कुणीतरी पुढे झुकून कोरीच्या खांद्यावर थोपटलं. भाची उठायला लागली तशी कोरीनं तिला खाली ओढलं. स्वतः मात्र ती हलली नाही. दोन-चार मिनिटांत उठावं, मागच्या दारानं निघून जावं, डार्करूमची किल्ली खुंटीला टांगावी आणि विषय संपवावा, एवढंच तिनं मनाशी ठरवलं.

पण दादाला टाळ्या चढल्या. टाळ्या चढलेला माणूस आणि उतारावरची हातगाडी, दोघांना ब्रेक नसतो.

"तो दिवस काय सांगू!" तो म्हणाला. हात उडू लागले. "पाणी असं वाढतंय, आणि मी फोटो काढतोय! बोट थांबेना! अहो, छत्तीस फोटोंचा रोल तो. छत्तीस झाले, चाळीस झाले, पन्नास झाले असतील, मी आपला फिल्म सरकवायची लिव्हर ओढतोय, बटण दाबतोय, लिव्हर ओढतोय, बटण दाबतोय, आणि कॅमेरा कुठं थांबायलाच तयार नाही! लिव्हर एकदाही अडली नाही! असा तो दिवस! जणू देवच फिल्म पुरवत होता!"

लोक हसले, पुन्हा टाळ्या वाजल्या. पण म्हाताऱ्या फोटोग्राफरांच्या रांगेतल्या टाळ्या मध्येच विरल्या. एकानं शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजाऱ्यानं गळ्यातला कॅमेरा हातात घेतला आणि उगाच त्याच्या लिव्हरवर अंगठा ठेवला.

डार्करूममधून "दार उघडू नका" म्हणून ओरडायचा कोरीचा एक आवाज होता. गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. त्या आवाजात ती बसल्या जागेवरून म्हणाली,

"दादा, छत्तीस झाले की लिव्हर अडते. ती फिरत राहते ती फिल्म आत अडकलेलीच नसली, तरच!"